तुटलेली स्प्रिंग पाठवा

"ती होय? ती अक्कांकडे टायपिंगला यायची."

तुमच्या तेराव्याचं जेवण आटोपलं होतं. बसवराजअण्णा तुमच्या हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत बसून शेजारच्या गृहस्थांना हे सांगत होते, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात कॉफीचा ट्रे घेऊन उभी होते. त्यांनी आवाज हळू केला होता. पण आयुष्यभर पीण्याच्या कारखान्यांत मशीनच्या वरताण बोलत आलेल्या माणसाचा हळू आवाज तो किती हळू असणार? पुढे होऊन मी दोघांना कॉफी दिली. "थँक्स पुट्टी," अण्णा म्हणाले, म्हणजे कानडीत पोरी. मी मान हलवली आणि आत वळले.

आत जाताना मी तुमच्या फोटोकडे पाहिलं नाही, असं लिहिणार होते. पण पाहिलं. जांभळी इरकल, शेवंतीचा हार, आणि ती डावी भुवई. फोटो काढणाऱ्याने तुम्हाला हसायला सांगितलं असेल आणि तुम्ही त्याच्याकडे तसं पाहिलं असेल. माझ्याकडेही तुम्ही तसंच पाहायचात, मी काहीतरी बोलावं म्हणून वाट बघताना. मी बोलायची नाही. मग तुम्ही भुवई खाली आणून म्हणायचात, "असू दे की. पुढच्या वेळी."

स्वयंपाकघरात तुमच्या सूनबाई, वहिनी, भांडी आवरत होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही." हे माझं जगातलं सगळ्यात सराईत वाक्य आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं.

आपली ओळख आईमुळे झाली. तुमच्या हळदीकुंकवाच्या गटात आईने सांगून टाकलं होतं, "केतकी घरीच असते आता. लॅपटॉपवर कायकाय लिहीत बसते." त्या 'आता'मध्ये सगळं होतं. एचएसआर लेआउटमधल्या एका स्टार्टअपमध्ये मी कंटेंट रायटर होते. एका सकाळी आमच्या अख्ख्या टीमला मीटिंगला बसवून सांगितलं गेलं की यापुढे लिहायचं काम सॉफ्टवेअर करेल, आणि ते काही वाईट लिहीत नाही. खरंच वाईट लिहीत नव्हतं. नोकरी जाण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं. मग मी घरी बसून फ्रीलान्सिंग सुरू केलं, म्हणजे अनोळखी कंपन्यांना सुरेख ईमेल पाठवू लागले. उत्तरं येत नव्हती. मी आणखी सुरेख ईमेल पाठवत होते.

तुम्ही आमच्याकडे डबा परत करायला आलात आणि दारातूनच म्हणालात, "काय लिहितेस गं?"

"वेबसाइटसाठी... कंटेंट."

"मी पण तेच करते की. बघू, वाच."

मी लॅपटॉप तुमच्याकडे वळवला. तुम्ही तो परत माझ्याकडे वळवलात. "मला बघायचं नाही. ऐकायचंय."

माझं इंग्रजी चांगलं आहे, अक्का. नर्सरीपासून इंग्रजी शाळेत घातलं होतं मला. पण ते माझ्या बोटांत आहे, तोंडात यायला लाजतं. मराठीचंही तसंच, फक्त कारण वेगळं: ती घरात आईबाबांशी बोलायची, बाहेर कुणाशी बोलणार? म्हणून मी गप्प बसले. तुम्ही थोडा वेळ भुवई वर ठेवलीत, मग गळ्यातल्या दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवलात आणि स्वतःच वाचायला लागलात. निपाणीच्या उच्चारांत, प्रत्येक पूर्णविरामाला मान देत, अगदी मोठ्याने. सेंद्रिय साबण विकणाऱ्या एका कंपनीला लिहिलेला माझा तो ईमेल होता. दुसऱ्या परिच्छेदाला पोचेपर्यंत मला ऐकू आलं की मी काहीही म्हटलेलं नाही. शब्द सगळे ओळीने उभे होते, लग्नातल्या बँडवाल्यांसारखे, आणि वाजत काहीच नव्हतं.

चष्मा उतरवून तुम्ही म्हणालात, "छान आहे गं. पण मागतेस काय?"

मला राग आला होता. तुम्ही गेल्यावर मी आईला म्हटलं, "त्यांना स्वतःला तरी येतं का लिहायला?" आई म्हणाली, "कुणास ठाऊक. पण पीण्यातले लोक त्यांना गाडी पाठवतात बाई." मग मी तुम्ही लिहिलेली एका व्हॉल्व्हच्या कारखान्याची वेबसाइट उघडून पाहिली. दर ओळीत नको तितके स्वल्पविराम. जागोजागी 'काइंडली'. पण शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तो व्हॉल्व्ह कोणी घ्यावा आणि कोणी घेऊ नये, हे मला नेमकं कळलं होतं. मला व्हॉल्व्ह म्हणजे काय हेही आधी माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आले. तुम्ही दार उघडून "सरी, बस," म्हणजे ठीक, बस, एवढंच म्हणालात. जणू वेळ ठरलीच होती.

तुमचं शिकवणं म्हणजे सोबत नेणं. पूर्वी कधीतरी तुमच्या यजमानांच्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहून द्यायला तुम्ही गेलात आणि तिथून कारखान्यामागून कारखाना लिहीत सुटलात. "मी कंटेंट रायटर आहे हे मला तूच सांगितलंस," तुम्ही हसायचात. "मी आपली पीण्यात लिहायला जायची." तुमचे नियम थोडे होते, पण त्यांत सूट नव्हती. ज्याने मशीन दाखवलं नाही, त्याचं लिहायचं नाही. मालकाला 'तुमची खासियत काय' असं कधी विचारायचं नाही, कारण मग तो भाषण देतो. विचारायचं ते असं: "नवीन गिऱ्हाईक फोन करतं, तेव्हा पहिलं काय विचारतं?" त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमची पहिली ओळ. आणि लिहून झालं की नुसतं पाठवायचं नाही. जाऊन वाचून दाखवायचं. मालक डोळे मिटून ऐकतो, तुम्ही ओळीमागून ओळ वाचता, आणि जिथे त्याचा हात फोनकडे जातो तिथे तुम्ही पेन्सिलीने बारीक खूण करता. ती ओळ गेली. त्याला न विचारता गेली.

मी हे आजवर कुठल्या ऑनलाइन कोर्समध्ये पाहिलेलं नाही. मी बरेच कोर्स केलेत.

आणि फोन. मला फोनची भीती वाटते, आणि तुम्हाला फोन करताना पाहणं मला गाणं ऐकल्यासारखं वाटायचं. 'काही काम आहे का' असं तुम्ही कधीच विचारलं नाहीत. इकडची तिकडची चौकशी, मुलीचं लग्न, बोअरवेलचं पाणी, आणि मग सहज, "बरं, केव्हा येऊ?" मी एकदा विचारलं, हे असं का. तुम्ही म्हणालात, "काम आहे का विचारलं की माणूस 'नाही' म्हणून मोकळा. केव्हा येऊ विचारलं की त्याला वार सांगावा लागतो."

मी ते वाक्य एचएसआरमधल्या एका कंपनीला मेसेजमध्ये लिहून पाठवलं. त्यांनी खरोखरच वार सांगितला. उड्या मारत तुम्हाला सांगायला आले, तर तुम्ही म्हणालात, "लिहून विचारलंस? मग अर्धे मार्क." तरी चहाबरोबर कुंदा दिलात, बेळगावहून आलेला, जो तुम्ही कुणालाही देत नसायचात. माझी मी मिळवलेली ती पहिली कंपनी अजून माझ्याकडे आहे. तुमच्याच वाक्यावर आलेली. हे मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं, कारण अर्ध्या मार्कांचा राग मनात होता.

खंडेनवमीला तुम्ही मला पीण्यात नेलंत. इथली आयुधपूजा. तुमचा धंद्याचा खरा दिवस तोच, हे मला त्या दिवशी कळलं. एरवी ज्या फाटकांवर वॉचमन नाव-गाव-काम विचारतो, ती त्या दिवशी सताड उघडी. आत मशीनं धुऊन पुसून, केळीचे खुंट बांधून, झेंडू घालून नवरदेवासारखी उभी. दारात कुंकू भरलेला कोहळा फुटलेला. मालक नवा शर्ट घालून रिकामा बसलेला, येईल त्याच्या हातावर चुरमुरे आणि मिठाई ठेवत. वर्षातला एकच दिवस, ज्या दिवशी मशीन बंद असतं आणि मालकाला ऐकू येतं, असं तुम्ही म्हणायचात. हातात पेढ्यांचा डबा घेऊन, इरकल सावरत तुम्ही एकेका फाटकातून शिरायचात. "नमस्कार, पूजा बघायला आलो." मग मशीनला नमस्कार करायचा आणि मनापासून विचारायचं, "हे काय करतं?" कुठल्या मालकाने त्या दिवशी ते सांगितलं नसतं? मी मागे लॅपटॉपची बॅग छातीशी धरून उभी.

बसवराजअण्णांचा स्प्रिंगचा कारखाना त्या दिवसाचा शेवटचा. तुमच्या गावाकडचे, तुम्हाला जुने ओळखणारे. तुम्हाला पाहून ते कानडीत ओरडले, मग मराठीत, मग दोन्हींत. वेबसाइट करायची आहे, मुलगा मागे लागलाय, लिहून द्या म्हणाले. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ते सांगतील ते उतरवून घेत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहून तुम्हाला विचारलं, "टायपिंगला मिळाली काय कोणतरी? बरं झालं की."

तुम्ही म्हणालात, "तिलाच विचारा की."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही पाहिलंत. झेंडू घातलेलं मशीनही पाहत होतं. मी हसले. अण्णांना ते पुरलं.

मेट्रोत पीण्याहून जयनगरपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही निम्मा रस्ता डुलक्या काढल्यात. मग डोळे न उघडताच म्हणालात, "बोल की. किती गिळशील."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तोंड कुणाचं आहे?"

तुम्ही चुरमुऱ्याची पुडी माझ्यापुढे धरलीत. मी घेतले. रागावलेल्या माणसाने चुरमुरे खाल्ले की आवाज फार होतो.

अण्णांचं पान मीच लिहायचं असं तुम्ही ठरवलंत. मी माझ्या परीने जीव ओतला. एचएसआरमध्ये मेणबत्त्या, साबण आणि कॉफीच्या कंपन्यांसाठी जे वाक्य हमखास चालायचं, त्यानेच सुरुवात केली: प्रत्येक स्प्रिंग आमच्या कारागिरांच्या हातांनी, प्रेमाने घडवलेली. तुम्ही ते वाचलंत आणि इतक्या हसलात की चष्मा दोरीवर लोंबकळायला लागला. "अगं, हातानं केलेली स्प्रिंग कोण घेणार? एक ढिली, एक घट्ट! गिऱ्हाईक पळून जाईल की. त्याला सगळ्या एकसारख्या पाहिजेत, प्रेम नको." मग माझा चेहरा पाहून तुम्ही हसू आवरलंत आणि म्हणालात, "मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एका पंपाला सुंदर म्हटलं होतं. मालक लाजला होता."

मग आपण अण्णांना फोन केला. म्हणजे तुम्ही केलात, स्पीकरवर. पहिलं काय विचारतात गिऱ्हाइकं? अण्णा म्हणाले, काय विचारणार, भाव विचारतात. तुम्ही थांबलात. तुमचं ते थांबणं मी अजून शिकतेय. फोनवरच्या शांततेत मी असते तर माफी मागून टाकली असती. शेवटी अण्णाच म्हणाले, "नाही, त्याच्या आधी एक विचारतात. जुनी मशीन असते बघा, कंपनी बंद पडलेली, पार्ट कुठं मिळत नाही. स्प्रिंग तुटते. मग विचारतात, तुकडा दाखवला तर तशीच करून देता काय? मी म्हणतो, पाठवा हो. तुकडा पाठवा."

तुम्ही फोन ठेवेपर्यंत मी लिहिलं होतं. इंग्रजीत चार शब्द. मराठीत त्याचा अर्थ एवढाच: तुटलेली स्प्रिंग पाठवा. त्याखाली: तशीच नवी करून देतो.

मी लॅपटॉप तुमच्याकडे वळवला. या वेळी तुम्ही तो परत वळवला नाहीत. चष्मा चढवून वाचलंत. मग म्हणालात, "मला हे सुचलं नसतं."

अक्का, मला शाळेत बक्षिसं मिळालीत. कॉलेजात मिळालीत. त्या स्टार्टअपने एकदा मला स्टार ऑफ द मंथ केलं होतं. त्यातलं एकही मला आठवून रडू येत नाही. हे येतं. तुम्ही खोटं कौतुक करत नसायचात, म्हणून. आणि त्या वाक्यात तुमचा स्वतःचा थोडासा तोटा होता, आणि तुम्ही तो लपवला नाहीत, म्हणून.

तरी लगेच पुढे म्हणालात, "आधी एक काइंडली घाल."

"नाही!"

"काइंडली, तुटलेली स्प्रिंग पाठवा. बघ कसं वाटतं."

"पत्र वाटतं. सरकारी."

"माणूस वाकून नमस्कार करतो तसं आहे ते, केतू. तुम्हा पोरींना वाकायला नको." आपण काइंडलीवरून जितकं भांडलो तितकं मी माझ्या आईशीही भांडलेली नाही. मी काढायची, तुम्ही परत घालायचात. त्या ओळीपुरतं मी जिंकले. बाकीच्या पानावर तीन ठिकाणी तुमचे काइंडली राहिले, आणि ते अजून आहेत.

ते पान तुम्ही अण्णांना वाचून दाखवलंत. मी सोबत होते, स्टुलावर. खरं तर मी वाचायचं ठरलं होतं. फाटकाशी पोचल्यावर मी तुमच्या हातात कागद दिला आणि तुम्ही काही न बोलता घेतलात. अण्णांनी डोळे मिटले. "ओदी अक्का, ओदी," म्हणाले, वाचा. तुम्ही पहिली ओळ वाचलीत. त्यांनी डोळे उघडले आणि टेबलावर हात आपटला. चहा सांडला. "हेच! हेच मी बोलतो फोनवर!" मग मुलाला हाक मारली, मग फोरमनला हाक मारली, आणि त्यांच्यासाठी तुम्हाला परत पहिल्यापासून वाचायला लावलं. तुम्ही वाचताना एकदा माझ्याकडे पाहिलंत. भुवई वर. मी लॅपटॉपच्या बॅगेची चेन उघडझाप करत होते.

महिन्याभरात ती ओळ अण्णांच्या डिलिव्हरी टेम्पोच्या पाठीवर रंगवली गेली. एकदा बनशंकरीच्या सिग्नलला माझी रिक्षा त्याच टेम्पोच्या मागे उभी राहिली. इंग्रजीत माझे चार शब्द, खाली कानडीत तेच. रिक्षावाले काका ते कानडीतलं वाचून स्वतःशीच हसले. म्हणाले, "मॅडम, मन तुटलं तर पण पाठवायचं काय?" मला सांगावंसं वाटलं की हे मी लिहिलंय. सिग्नल सुटला.

आपलं शेवटचं भांडण तुमच्या बाल्कनीत झालं. थंडीतले अवरेकाळू, म्हणजे इथले पावटे, आले होते आणि तुम्ही त्यांच्या भिजवलेल्या दाण्यांची दोन बोटांत चिमटीने साल काढत होतात; दाणा टुपकन बाहेर उडायचा, तुमचा परातीत, माझा जमिनीवर. अण्णांनी नवीन कॅटलॉगचं काम काढलं होतं आणि फोनवर तुम्हाला म्हणाले होते, त्या पोरीला पण आणा टायपिंगला. तुम्ही मला ते हसत सांगितलंत. मला हसू आलं नाही.

मी म्हटलं, "एकदा सांगून टाका ना, अक्का. एक वाक्य. ती ओळ केतकीची आहे."

"मी नाही सांगणार."

"का?"

तुम्ही एक दाणा उडवलात. "मी सांगितलं तर अण्णा काय म्हणेल? अक्का किती मोठ्या मनाची, पोरीला पुढं करते. वाहवा माझी होईल. तुला काय मिळेल? ती ओळ परत माझीच होईल, आणि वर मोठं मन पण माझं."

"मग माझं बोलणं त्यांना खरं कशावरून वाटेल?"

"नाही वाटणार कदाचित. तरी तूच बोल."

मी म्हटलं, हे तुम्हाला सोपं आहे. तुम्हाला बोलता येतं. तुम्ही म्हणालात, "मला येत होतं असं कुणी सांगितलं तुला?" मी पुढे विचारायला हवं होतं. पण मी उठले, जमिनीवरचे दाणे गोळा केले, परातीत टाकले आणि "निघते" म्हटलं. तुम्ही जाताना डब्यात अवरेकाळूची उसळ दिलीत. तो डबा अजून आमच्याकडे आहे.

मला अजूनही वाटतं तुम्ही सांगायला हवं होतं. तुम्ही गेलात म्हणून मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. तुमचा मुद्दा बरोबर होता आणि तरीही तुम्ही एकदा सांगायला हवं होतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं. तुम्ही असता तर यावर आपण आणखी एक संध्याकाळ घालवली असती. ती आता माझ्याकडे उरलीय, आणि एकटीने भांडायला मजा येत नाही.

हे मी मराठीत का लिहितेय, असं तुम्ही विचाराल. तुमच्याशी इंग्रजीत कधी बोलले नाही म्हणून. आणि लिहून झालं की मोठ्याने वाचून पाहायचंय म्हणून. या आठवड्यात मी एका कंपनीला पान पाठवलं, त्यात एक काइंडली ठेवलंय. त्यांनी ते काढायला सांगितलं. मी म्हटलं, राहू द्या. कारण सांगितलं नाही.

तर तेरावा. मी स्वयंपाकघरात होते. ओट्यावर तुमचा चष्मा दोरीसकट ठेवलेला होता. वहिनींनी तिथून हलवला नव्हता. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, अण्णा निघत होते. तुमचा मुलगा, विनायकदादा, त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. अण्णा चपला शोधत बोलत होते, आणि आता त्यांनी आवाज हळूबिळू केला नव्हता.

"काय ओळ लिहिली होती हो तुमच्या आईनं! तुटलेली स्प्रिंग पाठवा. लोक फोन करून पहिलं तेच बोलतात, तुकडा आहे, पाठवू काय?" त्यांचा आवाज फाटला. "आता कॅटलॉग कोण लिहिणार? तुमच्या बघण्यात कोण असेल तर सांगा, विनायक. अक्कांसारखं नको, कोण मिळणार तसं. पण स्वल्प बरं लिहिणारं."

विनायकदादा म्हणाला, "बघतो ना, अण्णा. विचारतो कुणाला तरी."

मी हात पुसले. माझ्या मनात काय आलं ते सांगते. मेलेल्या बाईच्या घरात, तिच्या तेराव्याला, रडणाऱ्या माणसासमोर जाऊन, तिची म्हणून तो जपतोय ती ओळ माझी आहे असं सांगायचं? लोक काय म्हणतील? आई तिथेच बसली होती, ती काय म्हणेल? आणि मग मला असंही दिसलं की आज मी आतच राहिले, तर ती ओळ कायमची तुमची होईल. तुम्हाला ती नको होती. तुम्ही ती घ्यायला एवढं नाकारलंत. मी गप्प बसून ती तुमच्या फोटोला हारासारखी घातली असती, आणि तुम्हाला ते अजिबात आवडलं नसतं.

मी बाहेर आले. हॉलमधून जाताना या वेळी फोटोकडे खरंच पाहिलं नाही. भुवईची गरज नव्हती.

अण्णांच्या पायात एक चप्पल होती, दुसरी शोधत होते. ती माझ्या पायाशीच होती. मी ती पुढे सरकवली. ते म्हणाले, "थँक्स पुट्टी."

"अण्णा," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही; तो बराच मोठा निघाला. आईने वळून पाहिलं. "मी टायपिंगला येत नव्हते. मी लिहायला यायचे."

अण्णा एका पायावर उभे. विनायकदादा माझ्याकडे बघायला लागला.

"ती ओळ मी लिहिलीय. अक्कांनी तुम्हाला फोन लावला होता, पहिलं काय विचारतात म्हणून. तुम्ही आधी म्हणालात भाव विचारतात. त्या थांबल्या, म्हणून तुम्ही तुकड्याचं सांगितलंत. त्या थांबल्या नसत्या तर मला लिहिता आलं नसतं. वाचून पण त्यांनीच दाखवलं, कारण मला धीर झाला नाही."

माफी मागून टाकावी असं मला आतून फार वाटत होतं. मी थांबले. तुम्ही थांबायचात तशी, मला जमेल तितकी.

अण्णांनी दुसरी चप्पल पायात घातली. मग तुमच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अक्कांनी कधी सांगितलं नाही ते?"

"त्या म्हणायच्या, तू सांग."

अण्णा हळूच हसले. डोळे पुसता पुसता. "हां," म्हणाले. "तसंच म्हणणार त्या." आणि मग, धंद्यातल्या माणसासारखं, थोडं पारखून: "कॅटलॉगचं वाचून कोण दाखवणार मग?"

"मीच दाखवेन," मी म्हटलं. "केव्हा येऊ?"